पाठीवरचा पंप ही प्रयोगशाळा नव्हे



पुण्याहून लोणावळ्याला जाणाऱ्या लोकलच्या वाटेवर कासारवाडी नावाचे स्टेशन आहे. जवळच नाशिक फाटा. तिथून फुटणारा रस्ता भोसरी, चाकणवरून नाशिककडे जातो. याच चाकणला कांद्याच्या भावासाठी शेतकरी एके काळी रस्त्यावर बसला होता. आज त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने आहेत आणि त्या कारखान्यांत आमचीच पोरे आहेत. यवतमाळची, परभणीची, बीडची, बुलढाण्याची. कापसावर घर चालेना म्हणून गाव सोडलेली, एका खोलीत पाच-सहा जणांनी राहणारी.

आम्ही काही जण कासारवाडीला अशाच एका खोलीवर मुक्कामाला होतो. रात्री जेवणे झाल्यावर गावाकडच्या गोष्टी निघाल्या. पाऊस किती, बोंडे किती, भाव काय. बोलता बोलता आमच्यातल्या एकाने सांगितले की, यंदा युरियाच्या गोणीबरोबर दुकानदाराने नॅनोची बाटली गळ्यात मारली. बाटली घ्या, नाहीतर गोणी नाही. पोरांमधला एक जण पावडर कोटिंगच्या खात्यात काम करतो. त्याने विचारले, "काका, त्या बाटलीचा कागद कुठे आहे?"

"कसला कागद?"

त्याने मोबाईलवर फोटो दाखवला. त्याच्या खात्यात भिंतीवर प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद टांगलेला असतो. जी पावडर वापरतात तिच्यात काय आहे, श्वासात गेली तर काय होते, डोळ्यात गेली तर काय करायचे, हातमोजे कोणते, मास्क कोणता, डॉक्टरला काय सांगायचे, सगळे त्यावर लिहिलेले. पोरे त्याला एमएसडीएस म्हणतात. तो म्हणाला, "कागद असून मास्क वेळेवर मिळतोच असे नाही. पण भांडायला कागद तरी आहे."

आमच्याकडे भांडायलाही कागद नाही. म्हणून हे लिहितो आहोत.

तो कागद भिंतीवर कसा आला?

कारखानदारांना एका सकाळी दया आली म्हणून तो कागद आला नाही. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळ झाले. एका रात्रीत हजारो माणसे गुदमरली आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांना रोग्याच्या छातीत कोणता वायू गेला आहे हेसुद्धा धड सांगितले गेले नाही. त्यानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोक्याच्या मालाची माहिती कामगाराला देणे मालकावर बंधनकारक झाले. १९८९ साली घातक रसायनांचे नियम आले, त्यांत सुरक्षा माहितीपत्रक आले. जुना कारखाना कायदा आता नव्या कामगार संहितेत गेला, पण माहिती देण्याचे बंधन तिथेही आहे. भिंतीवरच्या त्या कागदामागे भोपाळची प्रेते आहेत.

माहितीची किंमत काय असते ते कासारवाडीनेही पाहिले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या महापालिकेच्या पोहण्याच्या तलावावर क्लोरीन वायू गळला. माणसांना त्रास झाला, दवाखान्यात न्यावे लागले. पण वायू क्लोरीन आहे हे माहीत होते. नाव माहीत असले की डॉक्टरला उपचाराची दिशा मिळते. नावच माहीत नसेल तर डॉक्टर अंधारात चाचपडतो आणि रोगी मरतो.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, शेकडो दवाखान्यात पडले. अनेकांनी एका पंपात दोन-तीन औषधे मिसळली होती. तेव्हा शहाणी माणसे काय म्हणाली ते आम्ही विसरलेलो नाही. मास्क घातला नाही, हातमोजे घातले नाहीत, वाऱ्याच्या दिशेने फवारले नाही. म्हणजे मेला तो शेतकरी आणि गुन्हेगारही तोच. उंचीने डोक्याच्या वर गेलेल्या कपाशीत, ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट उकाड्यात, रबरी कपडे घालून पंप मारून दाखवा असे एकाही साहेबाला कोणी म्हटले नाही.

दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. आम्ही तर विषाने पोळलेलो आहोत.

नॅनो म्हणजे किती?

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ऐंशी हजार नॅनोमीटर भरते. एक ते शंभर नॅनोमीटरच्या मापात बनवलेल्या कणाला नॅनो म्हणतात. नॅनो युरियातले कण वीस ते पन्नास नॅनोमीटरचे आहेत, असे तो बनवणारे सांगतात.

नुसते बारीक केले म्हणून काय बिघडते? ज्वारी दळली तरी ज्वारीच ना? इथेच गोम आहे. ज्वारीची रास पेटवायला गेलात तर धुमसत राहील. पण ज्वारीच्या पिठाची धूळ बंद खोलीत हवेत उडाली आणि ठिणगी पडली तर स्फोट होतो. माल तोच, बारीक झाला की वागणे बदलले.

आता एक हिशेब करा. एक सेंटिमीटर लांब, रुंद, उंच असा ठोकळा घ्या. त्याची सगळी बाजू मिळून सहा चौरस सेंटिमीटर. त्याचेच दहा नॅनोमीटरचे तुकडे केले तर सगळ्या तुकड्यांचा पृष्ठभाग सहाशे चौरस मीटर होतो. म्हणजे जवळजवळ सहा गुंठे! बोराएवढ्या मालाला सहा गुंठ्यांचे अंग फुटते. रसायनाची क्रिया अंगावरच होते. अंग वाढले की क्रिया वाढली. ती कामाची वाढते तशी धोक्याचीही वाढू शकते.

आकारासारखीच घडणही महत्त्वाची. शिसपेन्सिलीतला काळा भाग कार्बनचा. त्याला कोणी भीत नाही. त्याच कार्बनच्या लांब, सरळ, अतिबारीक नळ्या बनवतात. २००८ साली एडिंबरोच्या शास्त्रज्ञांनी त्या उंदरांच्या पोटात सोडून पाहिल्या. ॲस्बेस्टॉसच्या धाग्यांनी जशी इजा होते तशी इजा दिसली. कार्बन तोच, पण घडण बदलली.

म्हणून "युरिया तर साठ वर्षे वापरताय, त्यात नवे काय?" हे उत्तर चालणार नाही. जगात इतरत्रही ते चालत नाही. युरोपात १ जानेवारी २०२० पासून नियम आहे की, एखादे रसायन नॅनो रूपात विकायचे असेल तर त्या रूपाची माहिती वेगळी द्यायची. नेहमीच्या रूपाचे प्रमाणपत्र नॅनोला चालत नाही. टायटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी भुकटी खाण्याच्या पदार्थांत रंग म्हणून अनेक दशके चालली. तिच्यात काही कण नॅनो मापाचे असतात. २०२१ साली युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने पुन्हा तपासले आणि पेशीतल्या गुणसूत्रांना इजा होणारच नाही असे म्हणता येत नाही, असा निर्वाळा दिला. २०२२ साली खाण्यातून ती बाद झाली. तिथे शंकेचा फायदा माणसाला मिळाला. आमच्याकडे शंकेचा फायदा बाटलीला मिळतो.

बाटलीत काय आहे?

नॅनो युरिया २०२१ च्या फेब्रुवारीत खत नियंत्रण आदेशात आला. परवानगी तीन वर्षांची. त्याच वर्षी मे महिन्यात इफ्कोने तो बाजारात आणला. २०२३ साली नॅनो डीएपी आले. २०२४ साली नॅनो जस्त आणि नॅनो तांबे यांनाही तीन वर्षांची परवानगी मिळाली. एक पाऊल पडले की दुसरे पडते.

सांगितले काय गेले? अर्ध्या लिटरची एक बाटली म्हणजे युरियाची एक गोणी. पहिल्या बाटलीत नत्र ४ टक्के होते. अर्ध्या लिटरला झाले २० ग्रॅम. पंचेचाळीस किलोच्या गोणीत नत्र ४६ टक्के, म्हणजे २० किलो ७०० ग्रॅम. एक हजार पट फरक! पुढे २० टक्क्यांची 'प्लस' बाटली आली. तिच्यात १०० ग्रॅम. तरीही गोणीत दोनशे पट जास्त. कण कितीही बारीक करा, वीस ग्रॅमचे वीस किलो कसे होतात हे आमच्या पाटीवरच्या हिशेबात बसत नाही.

फवारणीचाच हिशेब घ्या. पावसाने ताण दिला, जमिनीतले खत उचलले जाईना, की कपाशीवर दोन टक्के युरियाची फवारणी आम्ही वर्षानुवर्षे करतो. पंधरा लिटरच्या पंपाला तीनशे ग्रॅम युरिया. खर्च दोन रुपयांच्या आत, पानाला नत्र १३८ ग्रॅम. नॅनोच्या पंपाला लिटरला चार मिली धरून साठ मिली. बाटली सव्वादोनशे रुपयांची, म्हणजे पंपाला सत्तावीस रुपये. नत्र २० टक्क्यांच्या बाटलीतून १२ ग्रॅम.

पंजाब कृषी विद्यापीठाने दोन वर्षे शेतात प्रयोग करून पाहिले. जमिनीतून द्यायचा युरिया कमी करून त्याजागी नॅनोची फवारणी केली. भाताचे उत्पन्न १३ टक्क्यांनी आणि गव्हाचे २१.६ टक्क्यांनी घटले. कोपनहेगन विद्यापीठाच्या दोन शास्त्रज्ञांनीही २०२३ साली या दाव्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही असे लिहिले. बनवणाऱ्यांना हे मान्य नाही. ते अकरा हजार शेतांवरच्या चाचण्या आणि सरासरी आठ टक्के वाढीचा दाखला देतात.

मायबाप सरकारला या बाटलीचे इतके प्रेम का, तेही उघड आहे. गोणीवर सबसिडी द्यावी लागते, बाटलीवर नाही. गोणी कमी खपली की तिजोरीचा भार हलका. राज्यात २०२४ साली कापूस-सोयाबीनच्या विशेष योजनेत नॅनोच्या बाटल्यांची खरेदी झाली. तिच्या दरावरून २०२५ साली जाहीर आरोप झाले, ते नाकारले गेले. तो दराचा वाद ज्याचा त्याने लढावा. उत्पन्नाचा वादही शास्त्रज्ञ लढतील आणि आमच्या शेतात आम्हीही निकाल लावू. उत्पन्न बुडाले तर एक हंगाम जातो. आमचा आजचा प्रश्न छातीचा, कातडीचा आणि मातीचा आहे. तो बुडाला तर दुसरा हंगाम मिळत नाही.

युरिया पाण्यात विरघळतो हे चौथीतल्या पोरालाही ठाऊक आहे. मग बाटलीतल्या पाण्यात तो कण होऊन कसा राहतो? त्याला धरून ठेवणारे आवरण कशाचे आहे? ते आवरण पानावर, कातडीवर, मातीत गेल्यावर त्याचे काय होते? हे प्रश्न विचारायला पीएच.डी. लागत नाही. उत्तर देणाऱ्याकडे ती असेल तर त्याने मराठीत उत्तर द्यावे.

जस्त आणि तांबे यांचा प्रश्न आणखी वेगळा. युरिया मातीत मोडतो, पिकाला जातो, हवेत उडतो. तांबे मोडत नाही आणि उडत नाही. टाकाल तितके साठते. द्राक्षवाल्यांना मोरचूद ठाऊक आहे. तांब्याने बुरशी मरते म्हणून तर ते मारतात. ज्याने पानावरची बुरशी मरते त्याने मातीतले चांगले जीवही मरू शकतात. तूर, मूग, उडदाच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू आमचे फुकटचे खत आहे. कोरडवाहू माणसाकडे दुसरे भांडवल आहेच काय?

खताचा कायदा आणि औषधाचा कायदा

कीटकनाशकाला १९६८ चा कायदा आहे. डब्यावर त्रिकोण असतो. लाल, पिवळा, निळा, हिरवा. अक्षर न येणाऱ्या मजुरालाही लाल म्हणजे जहाल हे कळते. आत पत्रक असते. विषबाधा झाली तर काय द्यायचे ते लिहिलेले असते. ते बारीक अक्षरात असते, भिंगाशिवाय वाचता येत नाही, हा भाग निराळा. पण असते.

खताला १९८५ चा खत नियंत्रण आदेश. तो जन्माला आला भेसळ पकडायला. गोणीत अन्नद्रव्य किती, वजन किती, ओल किती हे पाहायला. गोणीतले खत हाताने फेकायचे असते. त्याची फवार तोंडावर घ्यायची नसते. त्या काळी ते ठीक होते. पण आता खत बाटलीत आले, बाटलीतून पंपात आले, पंपातून आमच्या चेहऱ्यासमोर आले. वापरायची रीत औषधाची आणि नाव खताचे! ड्रोनवर चढवून ते आकाशातूनही मारायचे ठरले आहे. वाऱ्याने शेजारच्या विहिरीवर गेले, ज्वारीच्या कणसावर गेले, तर? ज्वारीचा दाणा आम्ही खातो आणि कडबा आमचे बैल खातात.

२०२० च्या जुलैत केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने नॅनो शेतीमालाच्या तपासणीसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. चांगले केले. पण मार्गदर्शन म्हणजे कायदा नव्हे. रस्ता दाखवणारी पाटी आणि रस्ता अडवणारे फाटक यांत फरक असतो. बनवणारे म्हणतात, आम्ही या तत्त्वांप्रमाणे आणि आंतरराष्ट्रीय रीतीने सगळ्या चाचण्या केल्या, सगळे सुरक्षित निघाले. आनंद आहे! मग ते अहवाल आमच्या हातात द्या. आम्ही दुकानात मागितले, दुकानदार हसला. कृषी खात्याच्या माणसाकडे मागितले, त्याने रंगीत घडीपत्रक दिले. त्यावर हसरा शेतकरी होता. चाचणी नव्हती.

"सुरक्षित" हा शब्द आम्ही ऐकलेला आहे

केरळात कासरगोडच्या काजूच्या बागांवर विमानातून एंडोसल्फान फवारले गेले. वीस वर्षांहून जास्त काळ. ते सुरक्षित आहे असे सांगणाऱ्या समित्या होत्या, अहवाल होते, सह्या होत्या. गावोगाव पंगू, मतिमंद पोरे जन्माला येत होती आणि कागदावर सगळे ठीक होते. शेवटी २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने देशभर बंदी घातली. वीस वर्षांत जे बिघडले ते बंदीने दुरुस्त झाले नाही.

ॲस्बेस्टॉसचे तसेच. स्वस्त, टिकाऊ, आगीला दाद न देणारे म्हणून जगाने डोक्यावर घेतले. त्याचा धागा छातीत गेल्यावर रोग उगवायला वीस-तीस-चाळीस वर्षे लागतात. तोवर कामगार निवृत्त झालेला असतो आणि कारखाना विकला गेलेला असतो. कोणावर फिर्याद करायची?

म्हणून नॅनोच्या बाबतीत "अजून कोणी मेले आहे का?" हा प्रश्नच चुकीचा आहे. आम्ही नॅनो युरियाला विष म्हणत नाही. तसे म्हणायला पुरावा लागतो आणि खोटे बोलून चळवळ चालत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, निर्धोक आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे. धोका आहे हे मरून सिद्ध करण्याची जबाबदारी आमची नाही.

"हे तर तंत्रज्ञानाचे शत्रू!"

हा शिक्का आमच्यावर मारला जाणार हे आम्हाला ठाऊक आहे. मारणाऱ्यांनी थोडा इतिहास पाहावा. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली, ती पेरणारे आम्हीच. १९७० साली कपाशीचा पहिला संकर आला, तोही आम्हीच पेरला. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, आम्ही तो डोळ्यांनी पाहिला, फायदा दिसला, रांगा लावून घेतला. जे कामाचे आहे ते शेतकऱ्याला बळजबरीने विकावे लागत नाही. ज्या वस्तूला गोणीच्या शेपटीला बांधून विकावे लागते, तिच्या गुणांवर विकणाऱ्याचाच भरवसा नाही, असे आम्ही समजतो.

आणि कागद उघडा केला की आभाळ कोसळत नाही. बीटी वांग्याच्या सुरक्षा-चाचण्यांची माहिती गुप्त ठेवायचा प्रयत्न झाला. २००८ साली ती लोकांपुढे मांडावी लागली. फेब्रुवारी २०१० मध्ये सरकारने त्या वांग्याला स्थगिती दिली. ती स्थगिती योग्य की अयोग्य यावर आपल्यात मतभेद असतील. पण चाचण्या वाचल्यावरच्या मतभेदाला किंमत आहे. न वाचता होकार देणे म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा. आमच्या आज्यांनी सावकाराच्या वहीवर असे अंगठे भरपूर दिले. त्यांची फळे आम्ही अजून भोगतो.

तपासायचे ते असे तपासा

चाचणी वातानुकूलित खोलीत करून भागणार नाही. बाटली जिथे वापरणार तिथे ती तपासा.

पहिली गोष्ट श्वासाची. फवारणीचा मोठा थेंब नाकातच अडतो हे आम्हालाही कळते. पण बारीक तुषार असतात, थेंब वाळल्यावर पानावर राख उरते, ती वाऱ्याने उडते. शंभर नॅनोमीटरखालचा कण फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाऊ शकतो. सहा-सात तास पंप मारणाऱ्याच्या छातीत किती जाते ते मोजा. अकरा हजार शेतांत उत्पन्न मोजले, तर तिथे फवारणाऱ्या माणसांची छाती आणि रक्त तपासले का? तपासले असेल तर दाखवा.

दुसरी गोष्ट कातडीची. आमच्या हातांना भेगा आहेत, पाय काट्यांनी चिरलेले आहेत, पंप गळून पाठ भिजलेली आहे. गुळगुळीत कातडीवरची चाचणी आम्हाला लागू नाही. आणि फवारलेल्या शेतात दुसऱ्या दिवशी निंदायला आमच्या मायबहिणी जातात. त्यात कोणी पोटुशी असते, कोणाच्या कडेला लेकरू असते. त्यांची चाचणी कोणती?

तिसरी गोष्ट मिसळीची. नॅनो एकटे कोणी मारणार नाही. मजुरी वाचवायला ते कीटकनाशकाबरोबर एकाच पंपात जाणार. मिसळता येते असे विकणारेच सांगतात. मग मिसळलेल्या पाण्याची विषबाधा तपासा. यवतमाळची माणसे एका डब्याने मेली की मिसळीने, हा वाद अजून संपलेला नाही.

चौथी गोष्ट मातीची. गांडूळ, मधमाशी, मुळांवरच्या गाठी, विहिरीचे पाणी. एका हंगामात नव्हे, त्याच रानात पाच-सात वर्षे ओळीने फवारून. काळ्या मातीत आणि मुरमाड मातीत वेगवेगळे.

पाचवी गोष्ट म्हणजे मोजणारा कोण? ज्याने बाटली विकायची त्यानेच तिला चांगले म्हणायचे, ही आपल्या तोंडाने आपली आरती झाली. अकोला, परभणी, राहुरीची विद्यापीठे आहेत, नागपूरला कापूस संशोधन संस्था आहे, वैद्यकीय महाविद्यालये आहेत. विकणाऱ्याकडून पैसे घ्या, पण विकणाऱ्याच्या ताब्याबाहेर चाचणी करा.

जिल्हा बैठकीपुढचे ठराव

बैठकीत खालील ठराव मांडावेत, चर्चा करावी, सुधारावेत आणि हात वर करून मंजूर करावेत.

१. नॅनो खताच्या प्रत्येक बाटलीवर मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात, कणांचे माप, आवरणाचा पदार्थ, इतर घटक आणि बाधा झाल्यास करायचा उपचार छापलेला असावा. कारखान्यातल्या कामगाराला जो कागद मिळतो तो शेतावरच्या माणसालाही मिळावा.

२. माणूस, जनावर, माती आणि पाणी यांवरच्या सर्व चाचण्यांचे पूर्ण अहवाल जाहीर करावेत. धंद्याचे गुपित म्हणून जिवाची माहिती झाकता येणार नाही.

३. तीन वर्षांची परवानगी वाढवण्याआधी कोरडवाहू जिल्ह्यांत जाहीर सुनावणी घ्यावी.

४. गोणीबरोबर बाटलीची सक्ती, म्हणजे लिंकिंग, करणाऱ्यांवर कारवाई व्हावी. सरकार म्हणते असे करायला परवानगी नाही. मग होते कसे?

५. बाधा झाली तर भरपाई विकणाऱ्याने द्यावी. मास्क घातला नव्हता ही सबब चालणार नाही.

सरकार काही करील म्हणून हातावर हात ठेवून बसू नका. आपणही काही करायचे आहे. प्रत्येक तालुक्यातून एक अर्ज माहिती अधिकारात टाका. नमुना बैठकीत मिळेल. बाटली घेतलीच तर पक्के बिल घ्या, रिकामी बाटली जपून ठेवा, विहिरीवर धुऊ नका. ज्या शेतात नॅनो माराल तिथे दहा ओळी न मारता सोडा आणि वेचणीला दोन्हींचा कापूस वेगळा तोला. नॅनो दुसऱ्या औषधात मिसळू नका. फवारणाऱ्याला मळमळ, खोकला, डोळ्यांची आग, अंगावर पुरळ असे काही झाले तर तारीख, वेळ आणि पंपात काय काय होते ते वहीत लिहा आणि दवाखान्यात ती वही बरोबर न्या. यवतमाळला ती वही असती तर काही जीव कदाचित वाचले असते.

कासारवाडीच्या त्या पोराने निघताना आम्हाला आपल्या खात्यातल्या कागदाची एक प्रत दिली. म्हणाला, "बैठकीत दाखवा. सांगा, आम्हाला एवढे मिळते, तुम्हाला का नाही?" ती प्रत आम्ही बैठकीच्या टेबलावर ठेवणार आहोत. शेजारी नॅनोची एक बाटली ठेवू. कृषी खात्याच्या अधिकाऱ्यांना निमंत्रण आहे, विकणाऱ्यांनाही आहे. त्यांनी यावे आणि बाटलीचा कागद आपल्या हाताने त्या कागदाशेजारी ठेवावा.

तोवर आमचा पंप आमच्या पिकासाठी आहे. कोणाच्या प्रयोगासाठी नाही.